वरच्या पाण्याचा हक्क

सकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटं झाली होती. रेविन टॅव्हेंडेल मागच्या अंगणात बादलीवर वाकून बूट घासत होती. बादलीत भांड्यांच्या साबणाचं पाणी होतं. एका नदीतलं शेवाळ दुसऱ्या नदीत जाऊ नये म्हणून मर्चिसन गावात मासे धरणारा प्रत्येकजण हे करतो, आणि रेविन तळव्याची एकही खाच सोडत नाही. एक जोड तिचा होता, दुसरा पाहुण्याचा.

बूट कठड्यावर उपडे टाकून ती समोरच्या गोदामाकडे वळली. गोदामाची भिंत पन्हळी पत्र्याची आहे. तिनं आधी उजवा डोळा झाकला. पत्र्याच्या पन्हळी सरळ खाली यायला हव्यात, पण डाव्या डोळ्याला मधोमध त्या दिसतच नव्हत्या. तिथे राखाडी डाग होता. तो दोन वर्षांपासून आहे, त्याची तिला सवय झाली होती. मग तिनं डावा डोळा झाकला. उजव्याला पन्हळी दिसत होत्या, पण मध्यावर आल्या की बाजूला वाकत होत्या. ऑगस्टपासून अशाच वाकत होत्या. आज थोड्या जास्त.

हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

रेविन बासष्ट वर्षांची आहे आणि सत्तावीस उन्हाळे ती ट्राउट माशांच्या नद्यांवर गाइड आहे. या डोंगरांतलं पाणी इतकं स्वच्छ की तळातला खडा मोजता यावा. त्यात मासे थोडे, पण मोठे आणि सावध. गळ टाकणारा पाहुणा खाली पाण्यात उभा असतो. समोरच्या चकाकीमुळे त्याला मासा दिसत नाही. गाइड उंच काठावर उभी राहून मासा शोधते आणि वरून सांगते: जरा डावीकडे, आणखी हातभर पुढे, आता थांब. तो तिच्या शब्दावर गळाला बांधलेली पिसांची खोटी माशी फेकतो. म्हणजे पाहुणा गाइडचे डोळे भाड्यानं घेतो. तेच गेले तर तिच्याकडे विकायला दुसरं काही नाही. शिवाय दिवसभरात नदी चारपाच वेळा ओलांडावी लागते, आणि कुठून ओलांडायची हेही तीच पाहून ठरवते.

कॉलिन, तिचा नवरा, डबा घेऊन बाहेर आला. तो गावात ट्रॅक्टर दुरुस्त करतो.

"अंडं-बेकन भरलेला पाई आहे, आणि आल्याच्या वड्या. रेडिओवर म्हणतायत, दुपारनंतर डोंगरावर पाऊस. वायव्येचा वारा सुटलाय."

"दुपारनंतर ना? आम्ही तीनला बाहेर."

"तू त्या पत्र्यात रोज काय बघतेस गं?"

"गंजलाय का बघते."

"गेल्याच वर्षी बदललाय मी तो."

"मग चांगला बदललायस. नाही गंजला."

मोटेल पलीकडच्या गल्लीत आहे. रेविननं गाडी तिथवर पायी चालल्याच्या वेगानं नेली. व्हिन्स कलाब्रो दारातच उभा होता. मेलबर्नला तीस वर्षं ट्राम चालवून तो निवृत्त झाला आणि गेली चार वर्षं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, इथला उन्हाळा सुरू होताना, तीन दिवसांसाठी रेविनकडे येतो. रेविन गाडीतून उतरली आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसली.

"चालव तू," ती म्हणाली. "तीस वर्षं रुळांवर गेली तुझी. आता जरा वळणं घ्यायला शीक."

"मालकीणबाईंना ड्रायव्हर हवाय म्हणा की. माझा युनियनचा दर माहितीये ना?"

"ऑस्ट्रेलियनांना इथे दर नसतो. क्रिकेटमध्ये आम्हाला हरवायला अंडरआर्म बॉल टाकणाऱ्यांना गाडीत घेतो हेच उपकार."

"चाळीस वर्षं झाली त्याला, बाई!"

"आम्ही मोजत नाही. आम्ही फक्त विसरत नाही."

हॉलिस नदीचा रस्ता शेवटी शेवटी खडीचा होतो आणि एका कुंपणाशी संपतो. तिथे गाडी लावायची आणि नदीकाठानं वर किंवा खाली चालत जायचं. या बाजूचा नियम कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडणाऱ्याशी गावात कुणी बोलत नाही. ज्याची गाडी आधी लागली, त्याचं वरचं पाणी. नंतर आलेल्यानं खाली जायचं. एकदा चाललेल्या काठावरचे मासे दिवसभर दगडाखालून बाहेर येत नाहीत, म्हणून हा नियम.

रेविनची गाडी कुंपणाशी थांबते न थांबते तोच मरी पास्कची गाडी मागून आली. मरीही गाइड आहे, रेविनपेक्षा चार वर्षांनी लहान. त्याच्यासोबत डेन्मार्कचे दोन उंच तरुण होते आणि मागे ओला कुत्रा.

"दोन मिनिटांनी हुकलो," मरी काच खाली करून म्हणाला. "कुत्रा नेमका फाटकाशीच उतरला."

"कुत्र्याला शहाणपण आहे. खालचं पाणी त्याला आवडतं."

मरी उतरला आणि खोऱ्याच्या वरच्या टोकाकडे बघत राहिला. तिकडे डोंगराच्या कडेवर ढगाची एक पट्टी होती.

"हे बघ म्हातारे, एक सांगू? आज तू खाली जा. माझी ही पोरं घोड्यासारखी चालतात, एक वाजेपर्यंत वरून परत येतील. तुझा ट्रामवाला सत्तरीचा. वर पाऊस लागला तर तुम्ही पलीकडच्या काठावर अडकाल. खाली ओलांडायची भानगडच नाही."

सल्ला बरोबर होता. रेविनलाही तो बरोबर वाटला. खालच्या पाण्यात नदी न ओलांडता दिवस काढता आला असता. पण खालचं पाणी रुंद आणि नवं असतं, दर पुरात बदलतं. तिथे डोळे लागतात. वरच्या पाण्यातला प्रत्येक मासा कुठल्या दगडामागे राहतो हे तिला पाठ होतं. ऑगस्टनंतर ती गेली ती प्रत्येक वेळी वरच्याच पाण्यात गेली होती.

"गाडी आधी कुणाची लागली?" तिनं विचारलं.

"तुझी."

"मग झालं तर."

"ठीक आहे," मरी म्हणाला. "तीनपर्यंत ये पण बाहेर."

कुंपणापासून थोडंसं वर उतार आहे, म्हणजे नदी ओलांडायची जागा. तिथे नदी पसरते, गुडघ्याच्या वर येत नाही. सकाळी उन्हाकडे पाठ असली की पाण्यात खोलवर दिसतं, म्हणून सगळेच पलीकडच्या काठानं वर जातात. दोघं बोलत बोलत पलीकडे गेली. व्हिन्सच्या पँटची गुडघ्यावरची शिवणसुद्धा भिजली नाही.

काठावरची मानुकाची झाडी पांढरी फुलली होती. तिच्यावरचे हिरवे भुंगे पाण्यात पडायला लागले की या नदीतले मासे तळ सोडून वर येतात. रेविननं व्हिन्सच्या दोरीला हिरव्या पिसांचा भुंगा बांधला. गाठ तिनं बोटांनी मारली आणि दातांनी ओढून पाहिली. तिकडे बघायची तिला गरज नव्हती.

पहिल्या डोहाशी ती काठावर चढली. खाली चौकोनी शिळा होती. शिळेच्या डाव्या अंगाला, सावली संपते तिथे, गेली सहा वर्षं एक ना एक मासा असतो.

"आहे," ती म्हणाली.

"कुठे?"

"शिळेच्या डावीकडे. दोन हात वर टाक, आणि वाहू दे."

"मला काही दिसत नाही."

"तुला दिसलं असतं तर मी घरी झोपले असते. टाक."

भुंगा पडला, वाहत आला, आणि पाण्यातून एक पिवळट तोंड सावकाश वर येऊन त्याला घेऊन गेलं. पुढची दहा मिनिटं व्हिन्स शिव्या देत खाली पळत होता. जाळ्यात आला तो सहा पौंडांचा तपकिरी ट्राउट होता. रेविननं तो पाण्यातच धरून ठेवला, श्वास परत आल्यावर सोडला.

दुसऱ्या डोहात तिनं पुन्हा सांगितलं, आहे. व्हिन्सनं भुंगा टाकला. काही झालं नाही. भुंगा बदलला, मग बुडती अळी बांधली, मग आणखी बारीक. मासा हलेना.

"जागचा हलत नाही गं. मेलाय का?"

"खातोय. तळाशी खातोय. शेपटी हलतेय त्याची."

व्हिन्सनं आणखी बराच वेळ फेकलं, मग गळाची काठी खांद्यावर टाकून सरळ पाण्यात चालत गेला आणि बुटाच्या टोकानं त्या माशाला ढोसलं. 'टक' असा आवाज आला.

"पौंड किती भरेल? चाळीस?" तो तिथूनच ओरडला. "सोडू की घरी नेऊ?"

रेविन हसली. दगडाला मासा समजणं प्रत्येक गाइडच्या हातून होतं, सगळे त्यावर हसतात. पण दगडाची शेपटी हलताना कुणाला दिसत नाही. तिनं ती जोडून सांगितली होती.

तिसऱ्या ठिकाणी काठावरून तिनं खालच्या खोल पाण्यात टाकायला सांगितलं. व्हिन्स वळून तिच्याकडे बघत राहिला.

"कुठलं खोल पाणी?"

"समोरचं."

"समोर वाळू आहे, रेविन. कोरडी."

नुकत्याच येऊन गेलेल्या पुरात नदीनं जागा बदलली होती आणि डोह होता तिथे खडीचा ढीग पडला होता. रेविननं मान कलती करून बाजूनं पाहिलं. कडेनं तिला अजून चांगलं दिसतं. होय, खडीच होती.

"कोंबडीसारखी काय बघतेस?" व्हिन्सनं विचारलं.

"चकाकी आहे."

"ऊन तुझ्या पाठीवर आहे."

ती पुढे चालायला लागली.

जेवायला दोघं एका मोकळ्या खडकावर बसली. वाळूमाश्या चावत होत्या. एक वेका, कोंबडीएवढा न उडणारा पक्षी, झुडपातून आला आणि व्हिन्सची आल्याची वडी उचलून पळाला. व्हिन्स त्याच्यामागे धावला, हात हलवत परत आला, आणि पाण्याकडे बघून थांबला.

"मघाशी ही बाटली मी काठावर ठेवली होती ना? पाण्यात कशी गेली?"

रेविन उठली. अंगावर लख्ख ऊन होतं आणि पाणी अजून नितळ होतं. पण वायव्येचा पाऊस डोंगराच्या कडेवर कोसळतो तेव्हा खाली ऊनच असतं, आणि पहिलं चढलेलं पाणी गढूळ नसतं. तिनं डोळे मिटले. नदीच्या नेहमीच्या आवाजाखाली दुसरा आवाज होता, लाकडी मुसळानं लांब कुठेतरी ठोकल्यासारखा. तळातले दगड सरकायला लागले होते.

"सामान उचल," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

"पाई तरी खाऊ दे."

"चालता चालता खा."

काठानं खाली येताना दोघं जवळजवळ पळत होती. दर वळणावर व्हिन्स काहीतरी सांगत होता आणि रेविन ऐकत होती: पानं वाहतायत, फेस आलाय, हा ओंडका सकाळी इथे नव्हता. उतारावर पोचली तेव्हा दोन वाजायचे होते. पलीकडे कुंपणाशी त्यांची गाडी दिसत होती. हाक मारली तर ऐकू जाईल इतकं अंतर, पण नदीचा आवाज आता कुणाची हाक पोचू देत नव्हता.

व्हिन्स पाण्याच्या कडेशी जाऊन उभा राहिला आणि तिच्याकडे बघायला लागला. चार वर्षं तो असाच बघत आला होता. ती म्हणाली की तो पाय टाकायचा.

रेविन पाण्याकडे बघत होती. पाण्यावरून खोली वाचायची असते: कुठे सुरकुती आहे, कुठे सपाटी, तळाचा रंग कुठे हरवतो. तिला दोन्ही काठ दिसत होते. वरचं आणि खालचं वळण दिसत होतं. मध्ये, जिथे बघायचं होतं तिथे, डाग होता. डोळा हलवला की डागही हलत होता.

पाणी चढत होतं. अर्ध्या तासानं प्रश्नच उरला नसता. दिसत नाही म्हणून सांगितलं तर ते आजपुरतं राहणार नव्हतं. सत्तावीस वर्षं ती हा उतार ओलांडत होती. काठापासून आठदहा पावलं खडीचा उंचवटा, मग थोडं खोल, मग पुन्हा उथळ. तिच्या पायांना तो उंचवटा माहीत होता.

"चल," ती म्हणाली. "माझ्या पिशवीचा पट्टा धर. सोडू नकोस. जड माणूस वरच्या बाजूला."

"जड कोण म्हणालीस?"

"तू. चल."

पट्ट्यात हात अडकवून दोघं शिरली. पाणी मांडीला लागलं. सकाळी ते इथे घोट्याला होतं. रेविन काठीनं तळ चाचपत होती, पण काठीपेक्षा तिचा भरवसा पायांवर होता. पाचवं पाऊल तिनं उंचवट्यावर टाकलं.

उंचवटा नव्हता, चढत्या पाण्यानं तो नेला होता. पायाखाली काहीच नव्हतं. पाणी एकदम छातीशी आलं आणि तिचे दोन्ही पाय खालून निघाले. ती आडवी झाली. पिशवीचा पट्टा ताणला गेला आणि व्हिन्स एका गुडघ्यावर आला, पण त्यानं सोडलं नाही. तो काय ओरडतोय ते तिला ऐकू येत नव्हतं. पाणी तिला ओढत होतं आणि तो मागे रेलून टाचा रोवत होता. त्याचा एक पाय सरकला, थांबला, पुन्हा सरकला. मग त्यानं तिला फरफटत, पोतं ओढतात तसं, पाचही पावलं मागे आणलं.

दोघं खडीवर पडली. रेविनची काठी नदीनं नेली होती. व्हिन्सच्या गुडघ्यातून रक्त येत होतं.

"काय झालं?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं. "सरळ खड्ड्यात पाय टाकलास तू. मला काठावरून दिसत होता तो. काळा होता पाण्याचा रंग. मला वाटलं, तुला काहीतरी माहीत असेल."

"मला दिसला नाही."

"म्हणजे?"

"मला मधलं दिसत नाही, व्हिन्स. कडेचं दिसतं. मधलं नाही."

तो उठून बसला. "कधीपासून?"

"उजव्यानं ऑगस्टपासून. डावा त्याआधीच गेलाय."

"म्हणून गाडी मला चालवायला दिलीस."

"हो."

"आणि तो दगड?"

"दगड कुणालाही..."

"रेविन."

"हो. तो दगडही."

व्हिन्स उठला, दहाबारा पावलं लांब गेला आणि परत आला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"आमच्या डेपोत ठरलेल्या मुदतीला डोळे तपासायचे," तो म्हणाला. "दर वेळी पोटात गोळा यायचा. नापास झालो तर ट्राम गेली, मग झाडू मारत बसा. पण दिसत नसताना शंभर माणसं घेऊन अंदाजानं चौक ओलांडावा, हे माझ्या मनात नाही आलं कधी. तू मला घेऊन शिरलीस. माझी बायको तिकडे फोनची वाट बघत असते संध्याकाळी."

"बरोबर आहे तुझं."

"बरोबर आहे काय? एवढंच?"

"आणखी काय सांगू? शिरायला नको होतं. तुला विचारायला हवं होतं, तुला काय दिसतंय म्हणून."

नदीचा रंग आता चहासारखा होत होता. व्हिन्सनं रुमाल गुडघ्याला बांधला.

"मग आता विचार," तो म्हणाला. "खाली तिकडे नदी रुंद दिसतेय. तिथून जमेल?"

दोघं खाली गेली. रेविन नदीकडे पाठ करून उभी राहिली. डागाकडे बघत राहण्यापेक्षा ते सोपं होतं.

"काठापासून सुरू कर. पाणी कसं आहे?"

"खळखळतंय. छोटे छोटे पांढरे तुरे."

"उथळ आहे. पुढे?"

"पुढे... गुळगुळीत. छान सपाट, काचेसारखं."

"किती रुंद?"

"एक ट्राम आडवी मावेल."

"त्या सपाट पाण्यात एखादं पान बघ. चालत त्याच्या बरोबर जाशील की पळावं लागेल?"

व्हिन्सनं एक पान नजरेनं धरलं आणि काठानं त्याच्याबरोबर चालून पाहिलं.

"पळूनही नाही गाठता येणार."

"आणि त्याच्या खाली काय आहे? सपाटी संपते तिथे?"

"खडक. नदी खडकाच्या अंगावर जाते आणि आत वळते."

"मग नाही," रेविन म्हणाली. "छान सपाट असतं तेच खोल असतं. आणि पडलो तर त्या खडकाखाली. इथून नाही."

"गाडी समोर आहे गं."

"असू दे."

पलीकडच्या काठावर कुणीतरी आलं होतं. व्हिन्सनं हात वर केला.

"मरी आहे. काहीतरी करतोय. दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे. आता खाली दाखवतोय. लांब खाली."

"फुली म्हणजे ओलांडू नका. खाली म्हणजे झुलता पूल. मेंढ्यांच्या वाड्याशी आहे तो."

"किती लांब?"

"या बाजूनं वाट नाही. संध्याकाळ होईल."

"आणि तू चालणार कशी?"

"पायाजवळचं कडेनं दिसतं. समोर काय आहे ते तू सांग."

जंगलातून, ओल्या मुळांवरून आणि दोन ठिकाणी कड्याच्या वरून वळसा घालत दोघं खाली आली. व्हिन्स पुढे होता. सुरुवातीला तो फक्त गरजेपुरतं बोलत होता: फांदी, घसरडं, खड्डा डावीकडे. एका कड्यावर तो थांबला, कारण पुढची कडा पावसानं सुटली होती, आणि हात आडवा धरून त्यानं तिला मागे हटवलं. वर चढून दुसरी वाट शोधायला लागली. मुसळधार पाऊस सुरू झाला होता. शेवटच्या उतरणीवर तो म्हणाला, "ट्राममध्ये मी प्रत्येक थांब्याचं नाव मोठ्यानं सांगायचो. कुणी ऐकत नसे." रेविन म्हणाली, "मी ऐकतेय." त्यानंतर पुलापर्यंत तो प्रत्येक मूळ आणि प्रत्येक दगड मोठ्यानं सांगत गेला.

पुलाच्या दुसऱ्या टोकाला मरी उभा होता, अंगावर रेनकोट, पायाशी कुत्रा. डेन्मार्कची पोरं गाडीत झोपली होती. अजून उजेड होता.

"सकाळी खाली जा म्हटलं होतं," तो म्हणाला.

"तू म्हणालास म्हणूनच गेले नाही. दुसरं कुणी म्हटलं असतं तर विचार केला असता."

"वरचं पाणी काय घरी नेणार होतीस? आधी आलीस म्हणून हट्ट."

"हो. मरी, उद्या आणि परवा व्हिन्सला तू घे."

मरीनं दोघांकडे पाहिलं. "का? भांडलात?"

"मला मासे दिसत नाहीत."

"ते तर मी पंधरा वर्षं सांगतोय सगळ्यांना." तो हसला. दुसरं कुणी हसलं नाही, तेव्हा तोही थांबला.

"खरंच दिसत नाहीत. दोन्ही डोळ्यांनी. आज उताराचा खड्डा दिसला नाही आणि मी याला आत घातलं."

मरी बुटानं खडी इकडून तिकडे करत राहिला. तो रेविनला तिच्या पहिल्या उन्हाळ्यापासून ओळखतो. दोघं एकमेकांचे पाहुणे कधीच घेत नाहीत, पाहुण्यांनी स्वतः विचारलं तरी.

"तात्पुरतं?" त्यानं विचारलं.

"ठाऊक नाही. कुणाला दाखवलेलं नाही."

"दाखवलेलंच नाही?"

"डॉक्टर बघतील आणि काम सोडा म्हणतील, म्हणून."

"बरं," मरी म्हणाला. मग पुन्हा, "बरं." तो व्हिन्सकडे वळला. "उद्या माझी सुट्टी आहे. मी येईन. पण खालच्या पाण्यात जायचं, आणि मी सांगेन तिथेच पाय टाकायचा."

"तुझ्या गाडीत कुत्र्याचा वास येतो," व्हिन्स म्हणाला.

"ट्राममध्ये काय गुलाबाचा येतो?"

व्हिन्सनं रेविनकडे पाहिलं. मरीच्या गाडीचं पुढचं दार उघडून त्यानं तिला आत बसायला सांगितलं, कारण पायरी उंच होती आणि उजेड कमी होत चालला होता.

घरी कॉलिननं सगळं ऐकून घेतलं. एकच विचारलं, ऑगस्टपासून मला का सांगितलं नाहीस. त्याचं उत्तर ऐकायला तो थांबला नाही. खुंटीवरची गाडीची किल्ली काढून त्यानं आपल्या खिशात टाकली आणि चूल पेटवायला गेला.

उद्या सकाळी सव्वासहाला मरी पास्कची गाडी मोटेलच्या दाराशी येईल. नेल्सनला डोळ्यांच्या दवाखान्यात साडेआठपासून फोन उचलतात. रेविनचं नाव तिथे अजून लागलेलं नाही. ती साडेआठला फोन करणार आहे.